विश्लेषण : धर्म १८८३ मध्ये बदलला, मग श्रद्धा आठ वर्षांनी का सापडली? पंडिता रमाबाई आणि लोणावळ्याची पहाट

लोणावळा म्हटले की चिक्की, भुशी धरण आणि शनिवार-रविवारची वाहतूक कोंडी डोळ्यांसमोर येते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मात्र मावळातील या गावाची नोंद वेगळ्याच कारणासाठी आहे. एप्रिल १८९५ मध्ये पंडिता रमाबाई येथे एका प्रार्थना मेळाव्यासाठी आल्या होत्या. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्योदय पाहिला आणि त्यांनी देवाकडे एक मागणे मागितले. विशेष म्हणजे ते मागणे चक्क आकड्यात होते.

तोपर्यंत त्यांच्या बाप्तिस्म्याला साडेअकरा वर्षे झाली होती. तरीही खरी श्रद्धा आपल्याला बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच उशिरा सापडली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. धर्म बदलणे आणि श्रद्धा असणे यात त्यांनी फरक का केला? या फरकाने त्यांचे आयुष्य कसे बदलले आणि त्याची किंमत कोणी मोजली?

लोणावळ्यात १८९५ मध्ये काय घडले?

अमेरिकेतील मेथडिस्ट पंथात उघड्यावर, गावाबाहेर मुक्काम ठोकून काही दिवस प्रार्थना आणि प्रवचने करण्याची जुनी पद्धत आहे. याला कॅम्प मीटिंग म्हणतात. मेथडिस्ट मिशनरी भारतात आले तेव्हा ही पद्धतही त्यांच्यासोबत आली. बोर घाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाल्यापासून लोणावळा मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून गाडीने गाठता येत होते. उन्हाळ्यात हवा थंड, आजूबाजूला झाडी. अशा मेळाव्यासाठी जागा सोयीची होती.

रमाबाई पुण्याहून आल्या त्या १५ मुलींना घेऊन. या मुली त्यांच्या शारदा सदनातील होत्या आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या पहाटे रमाबाईंना काळोख विरत जाताना दिसला आणि ख्रिस्ताचा प्रकाशही माणसाच्या मनात असाच उगवतो, असे वाटले. या १५ मुली म्हणजे देवाने आपल्याला दिलेली आध्यात्मिक लेकरे, या विचाराने त्यांना आनंद झाला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे, असे त्यांनी मागितले. १५ चा वर्ग २२५.

सदनातील साऱ्या मुली धरल्या तरी तेव्हा संख्या २२५ च्या जवळपासही जात नव्हती. हिशेबाने पाहता मागणे अशक्य होते आणि रमाबाई हिशेबात कच्च्या नव्हत्या. संस्था चालवणाऱ्या, जमाखर्च आणि वर्गणीदारांना उत्तरे देणाऱ्या बाईंनी असे मागणे मागावे, याचा अर्थ समजून घ्यायचा तर त्यांचे आधीचे आयुष्य पाहावे लागते.

रमाबाई कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतला आणि अखेर रानात घर बांधून राहिले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी देवळांत पुराणे सांगायची, लोक जे देतील त्यावर जगायचे आणि त्यातून दानधर्मही करायचा, असा त्यांचा क्रम होता. १८७० च्या दशकातील दुष्काळात हा क्रम मोडला. पुराण ऐकायला कोणी उरले नाही. अंगमेहनतीचे काम कधी केले नव्हते आणि भीक मागणे जमेना. घरातील उरलेसुरले देवाच्या नावाने खर्च झाले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा १६-१७ वर्षांच्या होत्या.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, देशभर पायी फिरली. १८७८ मध्ये दोघे कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या २३ व्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

ख्रिस्ती धर्माकडे त्या कशा वळल्या?

रमाबाईंचा जुन्या श्रद्धेवरचा विश्वास एका दिवसात उडालेला नाही. दुष्काळात सारे विधी नेमाने केले, तरी घर वाचले नाही, ही पहिली ठेच. दुसरी ठेच ग्रंथांनी दिली. कोलकात्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवले. धर्मशास्त्रे वाचताना अनेक बाबतींत एकमेकांशी न पटणारे हे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमत असल्याचे त्यांना दिसले : स्त्रीला आणि शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्षाचा मार्ग नाही. ज्या बाईने हे ग्रंथ मूळ संस्कृतात वाचले होते तिलाच ते आत घेत नव्हते.

आसाममध्ये पतीच्या घरी असताना त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक पडले. पतीला हा ओढा फारसा रुचला नव्हता. पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना भारतीय स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात, अशी मागणी केली. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनी संघाकडे त्यांचा मुक्काम होता. या संघाचे लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह होते. ज्या स्त्रियांना आपल्याकडे दारात उभे केले जात नाही, त्यांची येथे इतर स्त्रिया मायेने सेवा करतात, हे पाहून रमाबाईंनी कारण विचारले. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेल्या, लोकांनी नाव ठेवलेल्या एका परक्या बाईशी येशू बोलतो आणि खऱ्या उपासनेची गोष्ट तिलाच सांगतो, असा तो प्रसंग. रमाबाईंच्या मनात हा प्रसंग घर करून राहिला. मूळचे काशीचे पंडित आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने उरलेल्या शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि दोन वर्षांच्या मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

हा काळ त्यांच्यासाठी सोपा नव्हता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी बाप्तिस्म्याच्या काही दिवस आधी इंग्लंडमध्येच आत्महत्या केली होती. महाराष्ट्रात बाप्तिस्म्याची बातमी पोहोचताच कालपर्यंत ज्यांनी विदुषी म्हणून गौरवले त्यांतील अनेकांनी पाठ फिरवली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची जाहीर बाजू घेतली.

बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चशीच वाद का झाला?

रमाबाईंनी धर्म बदलला म्हणजे एका अधिकाराखालून निघून दुसऱ्या अधिकाराखाली गेल्या, असा समज तेव्हा दोन्ही बाजूंना होता. तो लवकरच खोटा ठरला.

वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींमधील पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि त्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. बायबलमध्ये आपल्याला जे सापडते ते मान्य करीन, पण चर्चने ठरवून दिलेला प्रत्येक सिद्धांत न पटता मान्य करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या. त्या शाकाहारी राहिल्या. गळ्यातील क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असाही प्रश्न त्यांनी केला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत होत्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी आक्षेप घेतला. हा आक्षेप रमाबाईंना पुण्याच्या शास्त्र्यांपेक्षा वेगळा वाटला नाही.

सदसद्विवेकबुद्धी ही कोणाकडे गहाण टाकायची वस्तू नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे आयुष्यभर त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत पूर्ण बसल्या नाहीत.

आठ वर्षांनंतर काय बदलले?

१८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये लिहून, गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने १० वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. अट एकच : शाळेत धर्मप्रसार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्याला हलले.

बाहेरून पाहता सारे यशस्वी होते. आतून मात्र रमाबाई अस्वस्थ होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांना स्वतःबद्दलच एक गोष्ट जाणवली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, तो चांगलाही आहे, पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही. त्यांनी धर्माची तुलना केली होती, तर्काने निवड केली होती, वादात बाजू मांडली होती. पण मनाचे ओझे उतरलेले नव्हते. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांनी याच काळात वाचले. चर्चचा पगारी धर्मोपदेशक असूनही आपल्याला श्रद्धा नव्हती, ती नंतर आली, असा त्याचा अनुभव होता. रमाबाईंना त्यात स्वतःचे चित्र दिसले.

मराठी ख्रिस्ती लोक रोजच्या बोलण्यात ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक वापरतात. एखाद्या विधानावर विश्वास आणि एखाद्या माणसावर विश्वास यांत फरक आहे. पूल मजबूत आहे हे कागदावर पटणे वेगळे आणि त्या पुलावरून आपले मूल घेऊन चालत जाणे वेगळे. १८८३ मध्ये रमाबाईंना पहिली गोष्ट मिळाली होती. १८९१ नंतर त्या दुसरीबद्दल लिहू लागल्या. पात्रता सिद्ध करावी लागत नाही, पुण्याचा साठा दाखवावा लागत नाही, आहे तसे जाता येते, हा त्यांच्यासाठी त्या विश्वासाचा गाभा होता. पुण्यसंचयाच्या मागे लागून ज्या मुलीचे अख्खे घर उपाशी मेले, तिला हा दिलासा किती मोठा वाटला असेल, हे समजणे कठीण नाही.

शारदा सदनाचा वाद नेमका काय होता?

विश्वास असा वैयक्तिक झाला की तो लपवता येत नाही. अडचण तेथेच सुरू झाली.

सदनात जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती, मुलींना आपापली पूजाअर्चा करता येत होती. धर्म शिकवला जात नव्हता. पण रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमासह प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. या कोणालाही बोलावत नव्हत्या, पण कोणाला घालवतही नव्हत्या.

सुधारक मंडळींना हे पटेना. पुण्यातील सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंकडे दम होता. रमाबाईंचे म्हणणे असे की धर्म शिकवणार नाही हे वचन आपण दिले, स्वतःचा धर्म लपवू असे वचन दिलेले नाही. हिंदू मुलीला आपल्या देवाची पूजा उघडपणे करता येते, तर मला माझी प्रार्थना का नाही? टीकाकारांचे म्हणणे असे की या मुली लहान आहेत, घरापासून दूर आहेत, त्यांचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण एका व्यक्तीवर अवलंबून आहे. अशा वेळी त्या व्यक्तीचे उघडे दार हेही आमंत्रणच असते. मुलगी विश्वासाने सोपवणाऱ्या पालकाला हे आधी कळायला हवे होते.

सदनातील सगळ्या मुली ख्रिस्ती झाल्या नाहीत, हेही नोंदवायला हवे. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी या तरुण विधवा सदनात शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि मार्च १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी जे काम उभारले, त्यात या आनंदीबाई तथा बाया कर्वे यांचा मोठा वाटा होता. रमाबाईंच्या घरातून निघालेली ही दुसरी वाट आहे.

लोणावळ्याच्या मेळाव्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १८९५ मध्ये त्यांच्यासोबत आलेल्या १५ मुली म्हणजे वादळानंतर उरलेली, घरच्यांचा आणि समाजाचा विरोध पत्करलेली माणसे होती.

२२५ च्या मागण्याचे पुढे काय झाले?

१८९६ मध्ये मध्य भारतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदत छावण्यांत निराधार मुलींचे काय होते, कोण त्यांना उचलून नेतात, हे त्यांनी पाहिले. त्यांना आपली स्वतःची सोळा-सतरा वर्षांची उपाशी पायपीट आठवली. तो अनुभव त्यांनी याच काळात लिहून प्रसिद्ध केला. एकेका तुकडीने त्यांनी आणलेल्या मुलींची संख्या सुमारे ३०० वर गेली.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. रमाबाईंनी पुण्यापासून ५५-६० किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून तेथे फळबाग करायचा विचार होता. त्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती मिशनची सुरुवात झाली.

लोणावळा आणि केडगाव ही दोन्ही स्थानके पुण्याला जोडणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. एकीकडे घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख. मागणे हिरव्या रानात मागितले आणि त्याचे उत्तर दुष्काळाने आणले. नव्याने आलेल्या अनेक मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला आणि रमाबाईंनी त्यात आपल्या प्रार्थनेचे उत्तर पाहिले.

विज्ञानाच्या कसोटीवर हे सिद्ध करता येणार नाही. दुष्काळ मागण्यामुळे पडला नव्हता. प्रश्न वेगळा आहे : अशक्य आकडा मागणाऱ्या माणसाने पुढे काय केले? रमाबाई उत्तराची वाट पाहत बसल्या नाहीत. त्या बैलगाडीने आणि रेल्वेने दुष्काळी जिल्ह्यांत गेल्या, मुलींना निवडून नव्हे तर मिळतील तशा घेऊन आल्या, आजारी असलेल्यांनाही. त्यांच्या दृष्टीने प्रार्थना म्हणजे कामाला पर्याय नव्हता. एवढे मोठे काम अंगावर घेण्याचे धैर्य त्यांना प्रार्थनेतून मिळत होते.

मुक्ती मिशनमध्ये काय चालत असे?

१८९८ मध्ये बोस्टनच्या संस्थेची १० वर्षांची हमी संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, नवी मदत संस्था उभी राहिली आणि काम आता उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालू लागले. ब्रिस्टलमध्ये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. उद्याच्या धान्याची खात्री नसताना आज आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही, हा धडा त्यांनी तेथून घेतला.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि केडगावची लोकसंख्या २ हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलहॅममध्ये पाहिलेले घर त्यांनी १६ वर्षांनी केडगावात बांधले, असे म्हणता येईल. अंध मुलींना ब्रेलमधून शिकवले जाई. छापखाना, विणकाम, तेलघाणा, शिवण, शेती, दुभती जनावरे अशी कामे मुली स्वतः चालवत.

१९०५ मध्ये येथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. जगभरातील पेंटेकोस्टल चळवळीचे अभ्यासक आज या घटनेचा उल्लेख करतात, कारण अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध जागरणाच्या आधी, १९०५ मध्येच, ती पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात घडली होती. हे प्रकार पाहून काही युरोपीय मिशनरी चपापले. भारतीय माणसाला आपल्या पद्धतीने देवापुढे उभे राहू द्या, पाश्चात्त्य शिस्त लादू नका, अशी रमाबाईंची भूमिका होती. वीस वर्षांपूर्वी वाँटेजला त्या हेच सांगत होत्या.

मग टीकेला उत्तर मिळाले का?

पूर्णपणे नाही. दुष्काळातून आलेली दहा वर्षांची मुलगी ज्या घरात तिला पहिला घास मिळाला त्या घराचा धर्म स्वीकारते, तेव्हा ती निवड किती मोकळी असते? हा प्रश्न रमाबाईंच्या हयातीत विचारला गेला आणि आजही अभ्यासक विचारतात. रमाबाईंनी बिशपांपुढे ज्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला, तोच निकष त्यांच्या आश्रमालाही लागू होतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या मुलींसाठी तेव्हा दुसरे दार फारसे कोणी उघडे ठेवले नव्हते. ज्यांनी धर्म बुडाला म्हणून आरोळी ठोकली, त्यांच्यापैकी फार थोडे जण छावणीत गेले. अपवाद होते आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला विधवांचा आश्रम हा त्यांतील सर्वांत ठळक. रमाबाईंच्या कामाने उभा केलेला प्रश्न समाजातील काहींनी तरी कामानेच सोडवायला घेतला, हा या वादाचा सर्वांत चांगला परिणाम म्हणावा लागेल.

शेवटची वर्षे कशात गेली?

आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी दिली. मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची भाषा केडगावच्या स्वयंपाकघरात आणि शेतात काम करणाऱ्या बायकांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. या कामासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी केले.

संस्कृतातील पांडित्यासाठी पदवी मिळवलेल्या बाईने अखेरीस संस्कृतप्रचुर मराठी टाळायचे ठरवले, यात त्यांच्या श्रद्धेचा सारांश आहे. जी विद्या कुणाला तरी दाराबाहेर ठेवते, ती त्यांना पुन्हा नको होती.

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. आईच्या पश्चात संस्था चालवायची म्हणून तयार झालेली एकुलती एक मुलगी. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. रमाबाई भाषांतराच्या मुद्रितांवर काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज या गोष्टीकडे कसे पाहायचे?

धर्मांतर हा शब्द आज आला की चर्चा लगेच संख्या, आमिष आणि कायदा याभोवती फिरते. रमाबाईंच्या आयुष्यात हे तिन्ही मुद्दे आहेत आणि ते टाळून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. पण त्यांनी स्वतःविषयी केलेला फरक या चर्चेत सहसा येत नाही. बाप्तिस्म्याची तारीख नोंदवहीत असते, विश्वासाची नसते. पहिली गोष्ट इतरांना दिसते, तिच्यावर वाद घालता येतो. दुसरीची साक्ष फक्त तो माणूस देऊ शकतो आणि ती साक्ष खरी की खोटी हे त्याच्या पुढच्या वागण्यावरूनच कळते.

रमाबाईंच्या बाबतीत हे वागणे तपासायला भरपूर पुरावा आहे. पटला नाही तो सिद्धांत त्यांनी मानला नाही, मग तो शास्त्रीबोवांचा असो वा बिशपांचा. मान्यवरांनी साथ सोडली तरी खोलीचे दार लावून घेतले नाही. हमी संपल्यावरही एकही मुलगी परत पाठवली नाही. यातील प्रत्येक निर्णयाशी सहमत होण्याची गरज नाही. मात्र ते सारे निर्णय कुठून आले, हे शोधायचे तर १८८३ च्या बाप्तिस्म्याइतकेच १८९५ च्या त्या पहाटेकडेही पाहावे लागते.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या नावाने तिकीट काढले. केडगावची संस्था आजही सुरू आहे. पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडून मावळातून जाताना खिडकीबाहेर दिसणाऱ्या झाडीत त्या पहाटेची खूण सांगणारी पाटी नाही. रमाबाईही त्या पहाटे, इतर कोणी उठण्याआधीच, तेथे गेल्या होत्या.